वास कशाचा, वारा कुठला?

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. सिलिंडर गळू लागला की नाकात शिरतो तो उग्र भपकारा मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, न्यू लंडन गावच्या शाळेखाली वास नसलेला नैसर्गिक वायू साठत गेला आणि स्फोटात तीनशेच्या आसपास मुलं-शिक्षक दगावले. गॅसला वास देण्याची सक्ती त्यानंतर आली.

हा मरकॅप्टन अजबच आहे. हवेच्या अब्ज भागांत एक भाग एवढाच असला तरी तो नाकाला कळतो. दहा-दहा हजार लिटरचे पाच टँकर पाण्याने भरावेत आणि त्या सगळ्यात मिळून एकच थेंब टाकावा, एवढं ते प्रमाण!

डिसेंबर 2024 मध्ये रत्नागिरी तालुक्यातल्या जयगडला या राखणदारानेच घोळ घातला. बंदर परिसरात गॅस साठवणुकीच्या ठिकाणी देखभालीचं काम चालू असताना मरकॅप्टन हवेत सुटल्याच्या बातम्या आल्या आणि जवळच्या शाळेतल्या कितीतरी मुलांना त्रास होऊन रुग्णालयात हलवावं लागलं. अशा वेळी जाणत्या माणसापुढे पहिला प्रश्न असतो: वास एवढा आहे, मग विष किती? कामगारांसाठी अमेरिकेत सुचवलेली मर्यादा दशलक्षात अर्धा भाग आहे, म्हणजे वास कळण्याच्या पातळीच्या सुमारे पाचशे पट. मधल्या मोठ्या पट्ट्यात डोकं दुखतं, मळमळतं, घबराट उडते. पण शरीराला इजा किती, हे प्रमाण आणि वेळ मोजल्याशिवाय सांगता येत नाही. उलट्या करणाऱ्या मुलाला ‘नुसता वास आहे रे’ म्हणणं हा निव्वळ उर्मटपणा. मोजमाप हातात नसताना विषबाधा जाहीर करणं हेही तितकंच वाईट.

नाकावर सगळा भार टाकता येत नाही, कारण हायड्रोजन सल्फाइड नेमका उलटा वागतो. सांडपाण्याच्या टाकीत, मैल्याच्या खड्ड्यात तयार होणारा हा वायू थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास देतो. दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेला की घ्राणशक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि आत उतरतो. टाक्यांमध्ये एकामागोमाग माणसं का दगावतात, याचं एक कारण हे आहे.

आता वारा. भूगोलाच्या पुस्तकातले खारे आणि मतलई वारे आपण गुणांपुरते पाठ करतो. मासळी बंदराला बर्फ लागतो, बर्फाच्या कारखान्यात अमोनिया लागतो. किनाऱ्यावर दुपारी गळती झाली तर खारा वारा तो वायू वस्तीकडे ढकलेल. पहाटे झाली तर मतलई वारा होड्यांकडे नेईल. कारखाना तोच, वायू तोच, पण सुटकेची दिशा घड्याळाप्रमाणे बदलते. शिवाय एक लिटर पाणी सुमारे सातशे लिटर अमोनिया वायू पोटात घेतं. शाळेतलं ‘अमोनियाचं कारंजं’ याच बळावर उडतं आणि नाकावरचा ओला फडका याच बळावर थोडा वेळ मिळवून देतो. मात्र सांडलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतलं तर पाण्याच्या उष्णतेने तो आणखी जोरात उकळतो. म्हणून फवारा मारायचा तो वाफेवर.

महामार्गावरच्या गॅस टँकरच्या पाठीवरही धडा लिहिलेला असतो. 1075 हा एलपीजीचा जगभर मानलेला क्रमांक. त्याच्यासोबत लिहिलेल्या आपत्कालीन संकेताच्या सुरुवातीचा 2 म्हणजे पाण्याचा बारीक फवारा वापरा, शेवटचं इंग्रजी ई म्हणजे माणसं हलवण्याचा विचार करा. सप्टेंबर 2022 मध्ये अंजणारी घाटात असाच एक टँकर काजळी नदीत कोसळला आणि मुंबई-गोवा महामार्ग बंद ठेवावा लागला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो उतार धरतो, गटारात आणि व्हाळात उतरतो. गळतीभोवती दिसणारं पांढरं धुकं म्हणजे थंडीने गोठलेली हवेतली वाफ. गॅस त्या धुक्याच्याही पुढे पोचलेला असतो, न दिसता.

ही विद्या शिकवणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत. नागपूरची राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी, म्हणजे पूर्वीचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय, आपत्तीशी झुंजायला शिकवते, त्यात रासायनिक आपत्तीही आली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. पण घाट उतरून किनाऱ्याला पोचायला त्यांना काही तास लागणारच. पहिला तास गावातल्याच माणसांचा असतो. 1984 च्या डिसेंबरात भोपाळच्या डॉक्टरांपुढे हजारो रुग्ण होते आणि कोणत्या वायूवर उपचार करायचे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. औषधाआधी माहिती कमी पडली.

ती माहिती पुरवू शकणारी पोरं रत्नागिरीत आणि चिपळुणात टी.वाय.बी.एस्सी.च्या वर्गात बसलेली आहेत. मोल, घनता, विद्राव्यता हे सगळं त्यांना येतं. फक्त ते लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीशी आणि तिथल्या वाऱ्याशी जोडून कुणी दाखवत नाही. 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार कारखान्याबाहेरच्या आपत्ती आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून निदान एकदा घ्यावी लागते. या तालमीत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना बघे म्हणून उभं करू नका. त्यांच्या हातात वायुमापक द्या, वाऱ्याची नोंद करायला लावा, कोणाला किती वाजता काय त्रास झाला याची वही त्यांच्याकडे सोपवा. प्राचार्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र लिहिलं तरी सुरुवात होईल.