संगणक झोपला की बिघडला?

वाचनालयात संगणक असतो. पेटी टेबलाखाली, पडदा वर, पुढे कळफलक आणि माऊस. काम करता करता माणूस चहाला उठतो. परत येऊन बघतो तो पडदा काळा! यंत्र बिघडले असे वाटून तो घाबरतो.

मीही असाच घाबरलो होतो. शेजाऱ्यांचा अर्ज अर्धा लिहून झाला होता. पडदा काळा दिसला, म्हणून मी प्लग काढून पुन्हा लावला. अर्ज गेला! दोन तासांची मेहनत फुकट. त्यांना पुन्हा बोलवायला मला लाज वाटली.

यंत्र बिघडले नव्हते. ते झोपले होते.

संगणकापाशी एक पाटी आहे आणि एक वही आहे, असे समजा. चालू काम पाटीवर असते. वीज आहे तोवरच ती अक्षरे टिकतात. वहीतले मात्र वीज गेली तरी राहते. आपण ‘सेव्ह’ करतो, म्हणजे पाटीवरचे वहीत उतरवतो. बराच वेळ कोणी हात लावला नाही, की संगणक पडदा, पंखा बंद करतो. वीज वाचते. पाटीला मात्र तो थोडी वीज देत राहतो. मी प्लग काढला आणि पाटी पुसली गेली. काही संगणक झोपण्याआधी पाटीची नक्कल वहीत करून ठेवतात, पण त्या भरवशावर राहू नये.

मग त्याला उठवायचे कसे? कळफलकाची तार पेटीच्या चपट्या खाचेत बसते. तिला यूएसबी म्हणतात. ही सोय १९९६ साली निघाली. त्या तारेतून निरोप जातो, आणि ५ व्होल्टची बारीकशी वीजही मिळते. संगणक झोपला तरी ही वीज बहुधा चालू राहते. म्हणून कळफलक ओसरीवरच्या राखणदारासारखा जागा असतो. कोणतीही एक कळ दाबा. तो आत इशारा देतो आणि संगणक उठतो. थोडा वेळ थांबावे लागते. कळा बडवू नयेत.

नाहीच उठला तर? पेटीवरचा दिवा बघा. पुष्कळ पेट्यांवर तो झोपेत मिणमिणतो. तसे असेल तर पेटीचे बटण एकदाच हलके दाबा. दाबून धरलेत तर यंत्र पुरते बंद होईल. कधी कधी झोपेत खाचेची वीजच तुटते. मग तार दुसऱ्या खाचेत लावून पाहावी.

कधी कळफलकाला उठवण्याची परवानगीच नसते. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. तिथे कळफलकाच्या नावावर दोनदा टिचकी मारा. ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर परवानगीची चौकट असते. तिच्यात खूण करा.

माऊसलाही अशीच चौकट असते. ती खूण आम्ही काढून टाकली आहे. रात्री टेबलाला धक्का लागला, की संगणक आपोआप जागा व्हायचा. माऊस म्हणजे उंदीर खरा, पण धक्का देणारे उंदीर चार पायांचे होते!



आता चहाला उठण्याआधी मी ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ या दोन कळा एकदम दाबतो. अर्ज वहीत उतरतो. मग वीज गेली तरी चालते.