उशी जर आकाशातून आली तर...

वसतिगृहात एका रात्री शेजारच्या खाटेवरील मित्राने माझ्यावर उशी भिरकावली. मी चिडलो, तसा तो म्हणाला, "अरे, उशीच आहे! उशीने कुणाचं काय बिघडतंय?" मी कला शाखेचा विद्यार्थी, पदार्थविज्ञानाशी माझे नाते शाळेबरोबरच संपले. तरीही प्रश्न मनात रुतून बसला. उशी कितीही वेगाने आली तरी काही बिघडत नाही का? विज्ञान शाखेतील मित्रांना छळून आणि ग्रंथालयात बसून जे समजले, ते येथे मांडतो.

प्रथम 'मऊ' म्हणजे काय ते पाहू. उशी अंगावर आदळते तेव्हा पुढचा कापूस दबतो, मागचा सावकाश थांबतो आणि धक्का थोडा थोडा करून बसतो. मऊपणा म्हणजे मिळालेली सवड. पण पुढचा भाग अडल्याची वार्ता मागच्या भागाला ध्वनीच्या वेगाने पोचते. हवेत हा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. उशी त्याहून फारच वेगाने आली, तर वार्ता पोचण्याआधीच मागचा कापूस पुढच्यावर येऊन आदळतो. मग कापूस काय आणि दगड काय! हिशेब उरतो तो वस्तुमानाचा आणि वेगाचा.

त्यातही वेगाचा हिशेब विलक्षण आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. दसपट झाला की शंभरपट. दूर अवकाशातून पृथ्वीवर पडणारी वस्तू सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाने येते. एक किलोच्या उशीला एवढा वेग असेल, तर तिच्यात सुमारे ६ कोटी जूल ऊर्जा असते. तेवढ्यात दहा मोठ्या बादल्या पाणी उकळीला येईल.

तरीही जमिनीवरच्या माणसाने घाबरू नये. पृथ्वीच्या दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो हवेचा भार आहे. ६० बाय ४० सेंटीमीटरच्या उशीला वाटेत जवळजवळ अडीच टन हवा भेदावी लागेल. जमिनीपासून पन्नास-साठ किलोमीटर उंचीवरच तिला स्वतःच्या वजनाइतकी हवा आडवी येते. तेथेच ती जळून जाईल. खालून पाहणाऱ्याला फार तर एखादी उल्का दिसेल. लोणारसारखा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा कठीण बेसॉल्टात पडायला फार मोठे वस्तुमान लागते.

आता कल्पनेला मोकळे सोडू. उशी प्रकाशाच्या एकदशांश वेगाने आली, तर तिची ऊर्जा हिरोशिमावर १९४५ साली पडलेल्या बॉम्बच्या सुमारे सातपट होईल. नव्वद टक्के वेगाने आली, तर अठराशेपटींहून अधिक! वातावरणाचे शंभर किलोमीटर अंतर कापायला तिला सेकंदाचा अडीच हजारावा हिस्साही लागणार नाही. तेव्हा धागे नसतातच. कापसाच्या अणूंची केंद्रके हवेतील केंद्रकांवर आदळून फुटतात. 'मऊ' हा शब्द तेथे निरर्थक होतो.

ही झाली कल्पना. पण मित्राचे ते वाक्य जवळजवळ त्याच अर्थाने एकदा प्रत्यक्षात गंभीरपणे मानले गेले होते. १६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान उडाल्यावर ८२ सेकंदांच्या सुमारास इंधनटाकीवरील फेसाचा पाऊण किलोचा तुकडा निसटला. तो हलका म्हणूनच हवेने त्याला झटकन रोखले आणि मागून वेगात येणारे यान त्याच्यावर आदळले. दोघांच्या वेगांतील फरक ताशी सुमारे ८०० किलोमीटर होता. फेसाने काय होणार, असे अनेक जाणकारांना वाटले. १ फेब्रुवारीला परतताना डाव्या पंखाच्या कडेतून तप्त वायू आत शिरले, यान मोडले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. त्याच वर्षी जुलैत तसाच फेस तशाच पंखाच्या कडेवर डागून पाहिला, तेव्हा सुमारे ४० सेंटीमीटरचे भोक पडले.

उशीच्या हलकेपणामुळे पृथ्वी वाचते. फेसाच्या हलकेपणामुळे यान गेले. मित्राला हे सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग उठला आणि उशी हातात आणून दिली.