आजारी अळीची ‘तार’

लाडवांचा पाक झाला की नाही, हे आई कसे ओळखते? पाकाचा थेंब अंगठा व तर्जनी यांमध्ये धरून ती बोटे अलगद दूर नेते. तार आली, की पाक झाला! द्रवाची श्यानता, म्हणजे दाटपणा, अजमावण्याची ही घरगुती रीत. विद्यार्थीमित्रांनो, मधमाश्यांच्या पिल्लांचा रोग ओळखण्यासाठी मधपाळही अशीच तार पाहतो.

युरोपीय जातीची कामकरी माशी अंड्यापासून सुमारे २१ दिवसांत तयार होते. पहिले ३ दिवस अंडे, नंतर सुमारे ६ दिवस अळी. मग माश्या त्या घरावर मेणाचे झाकण बसवतात व आत अळीचा कोष होतो. निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी आणि कोयरीसारखी वळलेली असते. झाकणे सलग व किंचित फुगीर दिसतात.

पेटीतील चौकट उजेडात धरा. झाकलेल्या घरांत मधूनमधून रिकामी घरे दिसली, तर शंका घ्यावी. कामकरी माश्या मेलेली पिल्ले ओढून बाहेर टाकतात, म्हणून अशी घरे रिकामी होतात. मात्र राणी म्हातारी झाली तरीही पोळे असेच विरळ दिसते. तेव्हा मेलेली अळीच तपासली पाहिजे.

अळी झाकण बसण्यापूर्वीच मेली असेल, पिवळसर होऊन वेडीवाकडी पडली असेल आणि आंबट वास येत असेल, तर ‘युरोपियन फाउलब्रूड’ या जिवाणुरोगाचा संशय येतो. अळी घरात ताठ पडून तिची कातडी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी झाली असेल, तर तो ‘सॅकब्रूड’ हा विषाणुरोग असावा. झाकणे खचलेली, भोके पडलेली असतील आणि आत तपकिरी लगदा असेल, तर काडेपेटीतील काडी त्यात बुडवून हळूच वर ओढा. सुमारे अडीच सेंटीमीटर किंवा अधिक लांब तार निघाली, तर ‘अमेरिकन फाउलब्रूड’ची दाट शक्यता असते.

हा फरक कळणे का महत्त्वाचे? अमेरिकन फाउलब्रूडच्या जिवाणूंचे बीजाणू पोळ्यात अनेक दशके टिकतात. म्हणून अनेक देशांत रोगट वसाहत जाळून टाकतात. युरोपियन फाउलब्रूडचे जिवाणू बीजाणू बनवत नाहीत. बळकट वसाहत पुष्कळदा त्यातून सावरते. सॅकब्रूडवर औषध नाही. त्याच्या ‘थाई’ प्रकाराने १९९१–९२ च्या सुमारास दक्षिण भारतात आपल्या सातेरी माशीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या.

तार दिसली, तरी अंतिम निर्णय प्रयोगशाळेतील तपासणीनेच होतो. तोवर त्या पेटीतील चौकट वा मध दुसऱ्या पेटीत जाऊ देऊ नये. वापरलेली काडीही तेथे न टाकता जाळावी, कारण तिच्या टोकाला चिकटलेल्या लगद्यात लक्षावधी बीजाणू असू शकतात.