संधिवात आणि घरचं बाळंतपण

ऱ्हुमॅटॉइड संधिवात असलेल्या मुलीने 'बाळंतपण घरीच करायचं' म्हटलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, या दुखण्यात सिझर ठरलेलंच. दुसरा म्हणतो, आजी घरीच बाळंत झाली, तुला काय होतंय? दोघंही चुकतात.

निव्वळ संधिवात आहे म्हणून सिझर करावं लागत नाही. खुब्याचे सांधे फार आखडलेले नसतील, तर कुशीवर झोपूनही नैसर्गिक प्रसूती होऊ शकते.

'दिवस गेले की सगळी औषधं बंद' हा त्याहून घातक समज. मेथोट्रेक्सेट थांबवावंच लागतं, पण ते गर्भधारणेच्या आधी, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीने. लेफ्लुनोमाइड शरीरात दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकतं. ते लवकर बाहेर काढायला वेगळं औषध देतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि फोलिक ॲसिडच्या जोडीने सल्फासालाझिन मात्र गरोदरपणातही चालतं. सगळंच सोडून आजार उसळला, तर बाळ मुदतीआधी जन्मण्याचा धोका वाढतो.

गरोदरपणात सांधे बरे होतात, यात तथ्य आहे. अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांनी १९३८ मध्ये तशी निरीक्षणं प्रसिद्ध केली होती. पण हा आराम सगळ्यांना मिळत नाही, आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत दुखणं अनेकदा उलटतं. बाळाला उचलायला, पाजायला बसवायला कोण मदत करणार, हे आधीच ठरवा.

आता घराचा प्रश्न. बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेल्या बाईला कळांच्या ताणात हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागू शकतं. जुन्या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असतील, तर अचानक भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं जोखमीचं होतं. रक्तात 'अँटी-रो' प्रतिपिंडं असतील, तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याची शक्यता थोडी असते, पण असते. सुईण कितीही अनुभवी असली तरी याची तयारी घरात होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: यातलं एक जरी लागू असेल तर घर नको.

प्रतिकारशक्ती दाबणारी बायॉलॉजिक इंजेक्शनं चालू असतील तर बाळाच्या डॉक्टरांना जन्माआधीच कळवा. आपल्याकडे बीसीजी जन्मतःच टोचतात, आणि काही औषधांनंतर ती लस सहा महिने पुढे ढकलावी लागते.

घरची माया मात्र दवाखान्यात मागून घ्या. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवायला केंद्र सरकारने २०१६ मध्येच मान्यता दिली आहे. सातव्या महिन्याच्या आत संधिवाताचे आणि प्रसूतीचे डॉक्टर एकमेकांशी बोलतील, एवढं जरूर पाहा.