लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर वजन किती घटते आणि कशामुळे

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया, जिला वैद्यकीय परिभाषेत बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात, मोठ्या शहरातील रुग्णालयात दोन-चार दिवसांत उरकते. परंतु वजन घटण्याचा, टिकण्याचा किंवा पुन्हा वाढण्याचा पुढील अनेक वर्षांचा काळ रुग्ण आपल्या गावी, आपल्या घरी काढत असतो. म्हणूनच मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथून पुण्या-मुंबईला जाऊन ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या व्यक्तीने तिच्या यशापयशाची कारणे आधीच जाणून घेणे अगत्याचे आहे.

पहिले कारण शस्त्रक्रियेच्या प्रकारात असते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्या भागाची अरुंद नळी केली जाते, तर गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. दोन्हींत पोटातील जागा कमी होते, पण खरा बदल संप्रेरकांचा, म्हणजे शरीरातील रासायनिक संदेशवाहकांचा असतो: भूक चाळवणारे घ्रेलिन प्रामुख्याने जठराच्या ज्या भागात तयार होते तो भाग स्लीव्हमध्ये निघून जातो, आणि अन्न आतड्यात लवकर पोहोचू लागल्याने तृप्तीची जाणीव देणारे जीएलपी-1 अधिक स्रवते. हा प्रतिसाद प्रत्येक शरीरात सारखा नसतो. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, आणि दीर्घकाळ मधुमेह असलेल्या, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांचे वजन सरासरीने काहीसे कमी घटते.

दुसरी बाब मोजमापाची, आणि तिच्यामुळे पुष्कळ रुग्ण विनाकारण खट्टू होतात: यश अनेकदा जादा वजनापैकी किती टक्के गेले यावरून ठरवले जाते. समजा, 60 किलो हे योग्य वजन असलेल्या दोन व्यक्तींपैकी एकीचे वजन 110 आणि दुसरीचे 160 किलो आहे, आणि दोघींचेही 30 टक्के वजन घटले. पहिलीचे 50 किलो जादा वजनापैकी 33 किलो, म्हणजे 66 टक्के गेले; दुसरीचे 100 पैकी 48 किलो, म्हणजे 48 टक्केच. दुसरीने अधिक किलो गमावूनही ती अयशस्वी भासते, आणि हा दोष तिचा नसून केवळ हिशेबाच्या पद्धतीचा आहे.

भारतीयांच्या बाबतीत तर वजनकाटा एकटा पुरेसा नाहीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली: उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा देहवस्तुमान निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के होती. आशियाई व्यक्तींना मधुमेहाचा धोका कमी वजनातच गाठतो, हे ध्यानात घेऊन 2022 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेची मर्यादा 27.5 इतकी खाली ठेवली. अशा रुग्णाचे वजन माफक घटले तरी रक्तातील साखर आटोक्यात येणे हेही मोठे यश मानले पाहिजे.

वजन पुन्हा थोडे वाढणे ही जवळजवळ सर्वांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे. 1987 साली सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सुमारे 32 टक्क्यांनी घटले होते, दहा वर्षांनंतर ही घट 25 टक्के उरली. तेव्हा चार-पाच किलो परत आले म्हणून रुग्णाला हावरट ठरवणे अन्यायाचे आहे. मात्र वाढ किती व्हावी, हे बऱ्याच अंशी आहारावर अवलंबून असते. लहान झालेल्या जठराला दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने पुरवायची असतात. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम मिळतात, आणि पातळ वरणाच्या वाटीतून त्याहूनही कमी. म्हणून ताटात आधी घट्ट वरण, मटकीची उसळ, दही किंवा अंडे आणि मग चतकोर भाकरी, असा क्रम ठेवावा लागतो. उलट, आल्या-गेल्यासोबत होणारे साखरेचे चहा, सरबते आणि येता-जाता तोंडात टाकलेला शेव-चिवडा अरुंद जठरातूनही सहज उतरतो, आणि दिवसभर थोडेथोडे खाण्याची ही सवयच वजन परत आणते. पंगतीतला प्रेमाचा आग्रहही येथे घातक ठरतो. घरच्यांनी तो मोडून काढणे ही रुग्णाची मोठी मदत होय.

चालणे, स्नायू टिकवणारा व्यायाम, पुरेशी झोप आणि मनःस्थिती यांचाही परिणाम होतो; काही मानसोपचाराच्या औषधांनी वजन वाढते, आणि बायपासनंतर मद्य लवकर चढते व त्याचे व्यसन लागण्याचा धोका वाढतो. तरीही सर्वांत दुर्लक्षित घटक नियमित फेरतपासणी हाच आहे. मलकापूरहून रेल्वे गाठून रोजगार बुडवत मुंबईला जाणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी टळू लागते, आणि ब-12, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्याही त्यासोबत सुटतात. यावर उपाय अवघड नाही: रक्ततपासणी जवळच्या शहरात करून अहवाल शल्यचिकित्सकाला फोनवर पाठवता येतो. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाने डिस्चार्ज कार्डाची प्रत गावच्या डॉक्टरांकडे द्यावी, वेदनाशामक गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, वर्षातून एकदा तरी तपासणी करावी, आणि उलट्या थांबत नसतील तर ब-1 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा धोका ओळखून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.