आठ कुविचार

आठ कुविचार ही मोहाच्या प्रतिकाराविषयीची ख्रिस्ती संन्यासपरंपरेतील संकल्पना आहे. इजिप्तच्या वाळवंटात राहणारा संन्यासी इव्हाग्रियस पाँटिकस (सुमारे इ.स. ३४५ – ३९९) याने तिची मांडणी केली. खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, औदासीन्य, कीर्तिलोभ आणि गर्व हे ते आठ विचार होत. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील सात प्रमुख पापांची यादी यातूनच निघाली. मात्र मूळ यादी पापांची नव्हे, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

पार्श्वभूमी

इव्हाग्रियसचा जन्म काळ्या समुद्राच्या दक्षिणेकडील पाँटस प्रांतात झाला. कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो डीकन होता व प्रभावी वक्ता म्हणून ओळखला जाई. तेथे एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडल्यावर त्याने शहर सोडून जेरुसलेम गाठले. पुढे मेलानिया या संन्यासिनीच्या सल्ल्यावरून तो इ.स. ३८३ च्या सुमारास इजिप्तला गेला आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिला. हस्तलिखितांच्या नकला करून तो पोटापुरते मिळवीत असे.

स्वरूप

विचार मनात येणे न येणे माणसाच्या हाती नाही. त्याला मनात राहू द्यायचे की नाही, हे मात्र त्याच्या हाती आहे, हा इव्हाग्रियसच्या 'प्राक्टिकोस' या शंभर लघुप्रकरणांच्या ग्रंथाचा गाभा होय. त्यामुळे मोह होणे हा त्याच्या दृष्टीने दोष ठरत नाही. यासाठीचा ग्रीक शब्द 'पेइरास्मोस' परीक्षा आणि मोह या दोन्ही अर्थांनी येतो; मराठी बायबलमधील प्रभूच्या प्रार्थनेत त्यासाठी 'परीक्षा' हा शब्द आहे.

कुविचार उघड्या वाईट रूपात क्वचितच येतात, असे त्याच्या वर्णनांवरून दिसते. खादाडपणा पक्वान्नांची नव्हे, तर प्रकृतीची काळजी दाखवीत येतो: उपवासाने पोट बिघडेल, यकृत आणि प्लीहा दुखावतील, आणि वैद्य तर जवळ नाही. द्रव्यलोभ लांबलेले म्हातारपण, काम न करू शकणारे हात, दुष्काळ आणि दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज यांची चित्रे उभी करतो. यांतली एकही भीती खोटी म्हणता येत नाही आणि म्हणूनच ती परतवणे अवघड जाते.

सर्वांत विस्तृत वर्णन औदासीन्याचे आहे. त्याला 'दुपारचे भूत' म्हटले आहे, कारण ते सकाळी दहाच्या सुमारास येऊन दोनपर्यंत पिच्छा सोडत नाही. सूर्य हलेनासा वाटतो, दिवस पन्नास तासांचा भासतो. संन्यासी खिडकीकडे पाहतो, जेवणाची वेळ किती दूर आहे हे बघायला बाहेर येतो, मग ही जागा, हे काम आणि हे सोबतीही त्याला नकोसे होतात. यावर कोठडी न सोडणे हा पहिला उपाय सांगितला आहे. कीर्तिलोभ मात्र इतर विचारांवर विजय मिळवल्यानंतर येतो.

प्रतिकाराची पद्धत

वाळवंटातील परीक्षेच्या वेळी येशूने सैतानाला अनुवाद या ग्रंथातील वचनांनी उत्तर दिले, असे मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. तोच नमुना पुढे ठेवून इव्हाग्रियसने 'अँटिऱ्हेटिकोस' (प्रत्युत्तर) हा ग्रंथ रचला. त्यात आठही कुविचारांच्या विविध रूपांपुढे बायबलमधील एकेक वचन दिले असून अशा नोंदी पाचशेच्या आसपास आहेत. विचाराशी वाद घालत बसण्याआधीच त्याला थोडक्यात तोडून टाकणे हा त्यामागील हेतू. मूळ ग्रीक संहिता नष्ट झाली. सिरियाक व आर्मेनियन भाषांतरे उपलब्ध आहेत.

'काट्याने काटा काढावा' अशा अर्थाची ग्रीक म्हण वापरून त्याने आणखी एक युक्ती सांगितली आहे. कीर्तिलोभ मान देऊ करतो, कामवासना अपमानाकडे नेते. म्हणून एकाला दुसऱ्याच्या विचाराने हटवता येते. तथापि नम्रतेने आणि संयमाने त्यांना हटवणे तो श्रेष्ठ मानतो.

प्रभाव

जॉन कॅसियनने पाचव्या शतकात ही मांडणी लॅटिनमध्ये नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने गर्वाला मूळ मानून त्यापासून निघणारे सात दोष सांगितले. या बदलात 'मनात येणारा विचार' मागे पडून 'माणसाने केलेला अपराध' पुढे आला. पूर्वेकडे इव्हाग्रियसच्या तात्त्विक मतांचा सहाव्या शतकात निषेध झाला, तरी त्याचे काही लेखन संत निलस याच्या नावाने वाचले जात राहिले. इ.स. १७८२ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या 'फिलोकालिया' या ग्रीक संग्रहातही त्याचे लेखन समाविष्ट आहे.