रुमालाखालची बोटं

बाजार समित्यांचा इतिहास लिहिणारे साधारणपणे आवक, उलाढाल आणि गाळ्यांची संख्या यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते तो इतिहास एका रुमालापासून सुरू व्हायला हवा. दोन व्यापारी समोरासमोर उभे राहत, हातांवर रुमाल किंवा उपरण्याचे टोक पडे आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरे. याला हत्ता पद्धत म्हणत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारीच उभा असे. त्याच्या गुळाचा, आंब्याचा सौदा त्याच्या डोळ्यांदेखत होई आणि तो किती रुपयांना झाला हे त्या तिघांत फक्त त्यालाच माहीत नसे. १८८६ साली कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार आला, १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, १९३९ साली मुंबई इलाख्यात शेतमाल बाजाराचा आणि १९६३ साली महाराष्ट्राचा. या सगळ्यांमागचा मूळ हेतू एका वाक्यात सांगता येतो: रुमाल काढा, भाव मोठ्याने बोला, वजन दोघांसमोर करा आणि हिशेबाच्या पट्टीवर लिहून द्या. पुण्यातले गुलटेकडीचे मार्केट यार्ड याच विचारावर उभे आहे. तो विचार तिथे रोज पाळला जातो असे म्हणण्याइतका भाबडेपणा कोणी करू नये. पण तो मोडला तर मोडला असे म्हणता येते, ही कमाई लहान नाही.

एवढे मागे जाण्याचे कारण असे, की मोबाइल, अॅप, स्मार्ट मीटर आणि खासगी माहिती यांबद्दल सामान्य गिऱ्हाइकाला जी शंका वाटते, तिची थट्टा करण्याची सध्या फॅशन आहे. परिसंवादांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून आमचे काही विद्वान मित्र सांगत असतात की ही शंका अज्ञानातून येते, साक्षरता वाढली की ती जाईल. मार्केट यार्डाकडे पाहिले तर हे निदान टिकत नाही. मोबाइल आला तसा वाशीचा आणि नाशिकचा भाव विचारायला शेतकऱ्याने तो लगेच कानाला लावला. इलेक्ट्रॉनिक काटा आला, त्याचा आकडा मागच्या बाजूलाही दिसतो हे कळले आणि गिऱ्हाइकाने ताजव्याचा दांडा विसरायला वेळ लावला नाही. क्यूआर कोडचा कागद तर कोथिंबिरीच्या पाटीवर आणि चहाच्या गाड्यावर एकाच सुमारास चिकटला. यंत्राची भीती असती तर यातले काहीच झाले नसते. जे यंत्र दोन्ही बाजूंना सारखा आकडा दाखवते ते बाजाराने बिनतक्रार घेतले. जे एकालाच दाखवते त्याच्याकडे बाजार डोळे बारीक करून पाहतो. याला अडाणीपणा म्हणायचे असेल तर वजनमापाचे अख्खे शास्त्र अडाणीपणातून निघाले असे म्हणावे लागेल.

त्या शास्त्राबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खासगी माहितीच्या चर्चेत त्याचे नाव कोणी घेत नाही आणि माझ्या मते सगळे उत्तर तिथेच आहे. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. शेर, पायली, मण, पल्ला ही मापे गावागणिक बदलत, आणि एकाच दुकानात घेण्याचे माप वेगळे व देण्याचे वेगळे अशीही सोय असे. १९५६ साली देशभर प्रमाणित वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. त्या बदलात खरे काम दशमान पद्धतीने केले नाही, शिक्क्याने केले. वजनाच्या पोटात शिशाची गोळी, तिच्यावर निरीक्षकाचा ठसा, ठरावीक मुदतीनंतर फेरपडताळणी आणि ठसा नसलेले वजन वापरले तर दंड. आजच्या वैधमापन कायद्यातही, जो २००९चा, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. या व्यवस्थेची गंमत अशी की तिच्यात गिऱ्हाइकाने दुकानदारावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षाच नाही. दुकानदार प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्नच तिने बाजूला ठेवला. दोघांच्याही बाहेरचा कोणीतरी काटा तपासतो, म्हणून दोघांना एकमेकांवर न रागावता सौदा करता येतो. बाजार समितीतला तोलणार हा याच जातकुळीतला माणूस. तो ना अडत्याचा ना शेतकऱ्याचा; समितीच्या परवान्यावर काट्याजवळ उभा. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावर तोलाई कशाला द्यायची हा वाद राज्यभर गाजला. पट्टीतून पैसे कापले जाणाऱ्या शेतकऱ्याची बाजू त्यात बरोबरच होती, काम न करता कोणी हक्क सांगू नये. पण त्या वादात एक गोष्ट कोणीच नीट बोलले नाही: काटा आपोआप वजन दाखवू लागला म्हणून काट्यावर नजर ठेवणाऱ्याची गरज संपत नाही, उलट त्याला आणखी काही शिकवावे लागते. आपण ते शिकवले नाही. माणूस कमी केला आणि यंत्रावर श्रद्धा ठेवली.

‘यंत्र खोटे बोलत नाही’ हे त्या श्रद्धेचे लाडके वाक्य. २०१७ साली आधी उत्तर प्रदेशात आणि मग महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर छापे पडले. ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने अनेक जिल्ह्यांतले पंप तपासले, तेव्हा मापयंत्राच्या आतल्या पल्सरमध्ये आणि चिपमध्ये फेरफार करून कमी तेल दिले जात असल्याचे बाहेर आले. काचेवरचा आकडा बरोबर, टाकीतले पेट्रोल कमी. त्याच्या दोनच वर्षे आधी जगभर फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण गाजले होते. आपली धूर तपासणी चालू आहे हे गाडीतल्या सॉफ्टवेअरला कळत असे, आणि तेवढ्यापुरती गाडी शहाण्यासारखी वागे. भारतात त्या गाड्यांची तपासणी केली ती पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेने, तीही प्रयोगशाळेपुरती न ठेवता रस्त्यावर. आणि दोन्हींतली तफावत समोर आल्यावर डिसेंबर २०१५मध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली. या दोन्ही प्रकरणांत यंत्र खोटे बोलले नाही, त्याला शिकवले तेच ते बोलले. आणि दोन्ही ठिकाणी फसवणूक उघड झाली ती तपासून पाहणाऱ्या बाहेरच्या माणसामुळे. गिऱ्हाईक कितीही साक्षर असते तरी त्याला पंपावर उभे राहून चिप दिसली नसती.

गेल्या दहाएक वर्षांचा आढावा मी भराभर उरकतो, कारण त्यात घोषणा जास्त आणि विचार कमी. १४ एप्रिल २०१६ला ई-नाम हा शेतमालाचा ऑनलाइन बाजार आला, १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी, आणि २०२५मध्ये अॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक योजनांसाठी सक्तीचा झाला. सात-बारा, पीक, आधार आणि बँक खाते आता एकमेकांना धरून उभे आहेत. यातून अनुदान वेळेवर मिळत असेल तर आनंदच आहे. शेतकऱ्याने आपली सगळी माहिती दिली. ती कोणी, कधी आणि कशासाठी पाहिली याची पट्टी मात्र त्याच्या हातात पडत नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याने बाजारात कधी सौदा केलेला नसावा. टोमॅटोचा टेम्पो घेऊन आलेल्या शेतकऱ्याला दुपारपर्यंत माल विकलाच पाहिजे, हप्ता उद्या भरायचा आहे आणि परत नेण्याचे भाडे परवडणारे नाही, यातले काहीही लाजिरवाणे नाही. तरी समोरच्याला हे सगळे आधीच कळले तर भाव पडतो. खासगी माहिती म्हणजे गुपित नव्हे, ती घासाघीस करण्याची ताकद आहे. रुमालाखालच्या बोटांनी हेच केले होते: एका बाजूला सगळे ठाऊक, दुसरीला काही नाही. आज रुमाल उलट्या बाजूने पडला आहे एवढेच. गिऱ्हाईक काय घेते, किती वाजता घेते, किती रुपयांपर्यंत ताणता येईल हे विकणाऱ्या अॅपला ठाऊक. अॅपने शेजारच्याला तीच वस्तू कितीला दिली, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नाही.

यूपीआयचे उदाहरण या दृष्टीने फार शिकवणारे आहे. २०१६ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेतून ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, गल्ल्यातली चोरी कमी झाली. तिची निंदा करणाऱ्यांत मी नाही. पण २०२५च्या जुलैत कर्नाटकात वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या जमेवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. हावेरीतल्या एका भाजीविक्रेत्याला चार वर्षांच्या १ कोटी ६३ लाखांच्या जमेवरून २९ लाखांची मागणी आली. ताज्या भाजीवर वस्तू व सेवा कर नाही हे कायद्यातच आहे. आकडा खरा होता, त्याचा अर्थ खोटा लावला गेला. बंगळुरूत दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे कागद लागले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. याला करचुकवेगिरीचा कांगावा म्हणणारे भेटतात. त्यात थोडे तथ्य आहे, मर्यादा ओलांडणारेही त्यात असतीलच. तरीही पैसे घेण्यासाठी म्हणून लावलेला कागद आपल्याविरुद्ध साक्ष देणार हे विक्रेत्याला आधी कोणी सांगितले नव्हते, आणि त्या साक्षीची उलटतपासणी त्याने कशी करायची हेही कोणी सांगितले नाही. माझा मुद्दा तेवढाच.

विजेच्या स्मार्ट मीटरबाबत महाराष्ट्राने जरा बरी समज दाखवली. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे आणि इतरांनी खर्चाचा प्रश्न लावून धरला, मीटर पळतो या तक्रारीने मोर्चे निघाले, आणि जून २०२४मध्ये सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. नंतर तोच मीटर टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारा, या नावाने, बिल नंतर भरायच्या सोयीसह आला. दिवसा वीज वापरणाऱ्याला सवलत मिळते हे खरे. आमच्याकडची चर्चा बिलावर अडली. पण थोड्या थोड्या वेळाने नोंद करणारा मीटर घर केव्हा उठते, केव्हा जेवते आणि केव्हा कुलूप लावून गावाला जाते हेही सांगतो. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ साली सक्तीचे स्मार्ट मीटर अडवले ते याच कारणाने. तिथले लोक विजेबाबत निरक्षर होते असे अजून तरी कोणी म्हटलेले नाही. आपल्या केंद्र सरकारने मात्र एक शहाणपणाची गोष्ट सांगितली होती: किमान पाच टक्के ठिकाणी नव्या मीटरशेजारी पडताळणीचा दुसरा मीटर लावा. शंकेखोराला गप्प बसवण्याऐवजी त्याच्यासमोर दुसरा काटा ठेवायचा. वजनमापाचा जुना संस्कार इथे नकळत डोकावला.

आता संमतीचे पाहू. ‘तुम्हीच तर होकार दिलात’ हा सगळ्या कंपन्यांचा शेवटचा हुकमी पत्ता. झटपट कर्ज देणाऱ्या अॅपनी असाच होकार घेऊन फोनमधली नावांची यादी उचलली, आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना, सहकाऱ्यांना फोन करून माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२मध्ये या अॅपना फोनमधील यादी आणि फोटोंना हात लावण्याची बंदी केली. कर्जदाराचा होकार असला तरी बंदी. संमतीचे सगळे तत्त्वज्ञान त्या एका नियमाने निकालात काढले असे मला वाटते. काट्याखाली लोहचुंबक चालेल असे शेतकऱ्याकडून लिहून घेतले तर तो काटा खरा ठरतो काय? दुकानाच्या काउंटरवर ‘नंबर सांगा’ म्हणतात तेव्हा मागे रांग असते, पिशवी भरलेली असते आणि बिल अडलेले असते. त्या होकाराला होकार म्हणणे ही भाषेची विटंबना आहे. मे २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने नंबरची सक्ती करू नका असे दुकानदारांना कळवले. तरी प्रश्न विचारणे थांबलेले नाही, आणि उत्तर देणेही.

ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तिथे हे चालावे याचे वाईट वाटते. त्या चळवळीला भेसळ, वजन, साठेबाजी यांची भाषा येत होती. ती खेड्यांतल्या आणि वाड्यांतल्या माणसाला कळणारी होती. आजची खासगीपणाची चर्चा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालापासून सुरू होते आणि इंग्रजी शब्दकोशात संपते. मूलभूत हक्क मिळाला हे मोठेच झाले; पण हक्काला निरीक्षक लागतो. २०२३चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा नोव्हेंबर २०२५मध्ये नियमांसह हलला. त्याची मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७च्या मे महिन्यात लागू व्हायची आहेत. मात्र माहिती अधिकारातले ८(१)(ञ) हे कलम बदलणारी तरतूद लगेच लागू झाली. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची त्या कलमातली वाट गेली, ती आता दुसऱ्या कलमात शोधावी लागते. नागरिकाचा रुमाल काढायला दीड वर्षाची मुदत आणि सरकारचा रुमाल पसरायला एक दिवसही नाही. दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार; ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ४३ अ कलम या माहिती संरक्षण कायद्यानेच काढायचे ठरवले आहे. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली म्हणून तक्रारदारालाच १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारी ऐकणारे मंडळ दिल्लीच्या परिसरात, जिल्ह्यात कोणी नाही. वैधमापनाचा निरीक्षक निदान तालुक्यापर्यंत पोचतो.

म्हणून माझे लक्ष एका जुन्या दाराकडे जाते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथांची जी यादी दिली आहे, तिच्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली व्यक्तिगत माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे हाही प्रकार आहे. हे कलम फारसे कोणाच्या बोलण्यात नसते. त्याच्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही, जिल्हा आयोगात साध्या अर्जावर जाता येते, वकील सक्तीचा नाही, आणि भरपाई मागणाऱ्यालाच मिळते. ग्राहक संघटनांनी दुधातले पाणी आणि गॅसच्या टाकीचे वजन जसे हातात घेतले, तसे हे उपकलम हातात घ्यावे. सुरुवात काउंटरवरच्या त्या नंबरपासून करावी: तो कोणाला दिला, केव्हा दिला आणि कितीला दिला, याची पट्टी मागावी.